तीन वह्या, एक माणूस

(हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. लांबी तेवढी थोडी कमी केली आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'व्यसनमुक्ती सेवांसाठी सामाईक माहिती तंत्रज्ञानाचं नियोजन' असं छापलं आहे. ते वाचून मघाशी एका आजींनी मला पायरीवरच गाठलं. म्हणाल्या, "बाई, दारू सोडवायला आता कॉम्प्युटर लागतो का?" मी म्हटलं, आजी, सोडवायला नाही लागत. ज्यानं सोडली, पुन्हा धरली आणि पुन्हा सोडायला आला, त्याला ओळखायला लागतो. त्यावर त्या म्हणाल्या, "मग तुम्ही नाही का ओळखत त्याला?"

खरं सांगायचं तर एका माणसाला आम्ही ओळखलं नाही. त्याचीच गोष्ट आधी सांगते, यंत्राचं नंतर बोलू.

तो डिंभे धरणाच्या पाण्यापलीकडच्या एका गावचा. नाव सांगणार नाही, का सांगणार नाही ते पुढे येईलच. पावसाळ्यात भात-नाचणी, उन्हाळ्यात हिरडा, आणि उरलेले महिने नारायणगावच्या बाजूला टोमॅटोच्या शेतात नाहीतर द्राक्षाच्या बागेत मजुरी. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात घरोघरी हाच हिशेब असतो. आमच्याकडे तो पहिल्यांदा आला तेव्हा बायको बरोबर होती, धाकटं पोर तिच्या कडेवर. दुसऱ्या रात्री त्याला फिट आली. जीपमध्ये घालून रुग्णालयात नेलं, डॉक्टरांनी वाचवलं, आणि सकाळी मी वहीत लिहिलं, 'दुसऱ्या रात्री फिट. ॲडमिट केले. बरे.' माझंच अक्षर आहे, आजही स्वच्छ वाचता येतं. पुढे सहा महिने त्यानं घेतली नाही. त्या वर्षीच्या अहवालात तो 'यशस्वी' या रकान्यात गेला.

पुढच्या हंगामात हिरड्याचे रोख पैसे हातात आले आणि तो घसरला. आमच्याकडे परत यायची त्याला लाज वाटली. हे नेहमीचंच आहे. ज्याच्यासमोर शब्द दिला, त्याच्यासमोर पुन्हा थरथरते हात घेऊन कसं उभं राहायचं? म्हणून मेव्हण्यानं त्याला दुसऱ्या एका संस्थेत नेलं. तिथं महिनाभर राहून तो चांगला होऊन घरी गेला, त्यांच्या वहीत नवीन रुग्ण म्हणून त्याचं नाव लागलं. दीडेक वर्षानं तो तिसऱ्या ठिकाणी दाखल झाला. तिथल्या कार्यकर्त्यानं रीतसर विचारलं, "आधी कधी फिट आली होती का?" तो म्हणाला, नाही. तो खोटं बोलला नाही हो. फिट आलेल्या माणसाला फिट आठवत नसते, ती बघणाऱ्याला आठवते, आणि जिनं बघितली होती ती बायको त्या दिवशी माहेरी होती. दुसऱ्या रात्री न्हाणीच्या दारात तो कोसळला, डोकं पायरीवर आपटलं. पुण्याला हलवलं. पाचव्या दिवशी गेला.

मयतीला तिन्ही ठिकाणची माणसं आली होती. आम्ही एकमेकांना तिथं पहिल्यांदा भेटलो. कुणीतरी हळू आवाजात विचारलं, "तुमच्याकडेही होता का?" मग आपापल्या वह्या आठवून आम्ही तिथंच, गावाबाहेरच्या आंब्याखाली, तारखा जुळवत बसलो. तिसऱ्या संस्थेला मी दोष देत नाही. त्यांनी विचारायचं ते विचारलं होतं. त्यांना हवं असलेलं उत्तर तीस-चाळीस किलोमीटरवर आमच्या कपाटात पडलं होतं.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगते, कारण ती तुमच्या घरीदारी उपयोगी पडेल. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तुटली की शरीर बंड करतं. हात कापतात, घाम सुटतो, झोप उडते. शेवटच्या घोटानंतर साधारण सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो. नसलेली माणसं दिसतात, अंगावर मुंग्या चालतात, ताप चढतो. वाडीवर म्हणतात बाहेरचं झालं, आणि भगताकडे नेतात. हा भ्रम उपचाराविना जीव घेऊ शकतो. डॉक्टर योग्य गोळ्या देऊन, बी-१ जीवनसत्त्व देऊन हे सांभाळू शकतात, पण त्यांना आधी कळायला हवं. आणि ज्याला एकदा अशी फिट येऊन गेली आहे, त्याला पुढच्या वेळी दारू तोडताना ती पुन्हा येण्याचा धोका जास्त असतो. म्हणून आपल्या मंडळ्यांतल्या वडीलजनांना माझी विनंती आहे की कुणाला सगळ्यांसमोर उभं करून 'आजपासून थेंब नाही' अशी शपथ घालण्याआधी त्याला डॉक्टरकडे न्या. शपथ आठवड्यानं घातली तरी चालेल.

दुसरी गोष्ट म्हणजे दारू सोडवण्याची ती गोळी. डायसल्फिरामची गोळी घेतलेल्या माणसानं दारू घेतली तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी जीवही जातो. डॉक्टर ती समजावून, त्या माणसाच्या संमतीनंच देतात. पण कितीतरी घरांत ती चहात, वरणात गुपचूप मिसळली जाते. माझ्यापुढे बसून बायांनी हे सांगितलं आहे, डोळ्यांत पाणी आणून. त्या बाईचा नाइलाज मला कळतो, तरी हात जोडून सांगते, असं करू नका. असा माणूस पिऊन रुग्णालयात आला तर डॉक्टरला ना तो सांगू शकतो, ना भीतीपोटी ती सांगते.

तर वह्या. त्या तीन वह्या शेजारी ठेवून आम्ही हिशेब मांडला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली आणि तिची मला जास्त लाज वाटली. त्या एका माणसाचे आमच्या तिघांच्या कागदांत मिळून तीन नवीन रुग्ण झाले होते, आणि दोन ठिकाणी तो यशस्वी झाला होता. आपल्या वार्तापत्रात तुम्ही दर वर्षी आकडे वाचता, 'इतके बंधू व्यसनमुक्त झाले', आणि प्रभूचे आभार मानता. ते आकडे आम्ही खोटे लिहिले नव्हते. पण तोच माणूस फिरून फिरून त्यांत किती वेळा आला असेल, हे आम्हालाच माहीत नव्हतं. दिल्लीच्या एम्सनं केलेली देशभरची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कधीतरी कुठलातरी उपचार मिळतो, असं त्यात आहे. तो एक आपल्या दाराशी येतो, आणि आपण त्याला तीन माणसं समजतो.

मी डिप्लोमा करत असताना चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर निबंध लिहिला होता. याजक, लेवी, शोमरोनी, सगळ्यांवर पानंच्या पानं. उतारशाळेच्या मालकावर एक ओळही नव्हती. आता वाटतं, माझं काम त्याच्यासारखंच आहे. कुणीतरी उचलून आणलेला माणूस माझ्या दारात येतो. आणणाऱ्यानं वाटेत काय केलं, कशावर काय ओतलं, हे मला कळलं तरच मी पुढचं करू शकते. (शोमरोन्यानं जखमेवर द्राक्षारस ओतला होता. आमच्या उतारशाळेत तेवढा चालणार नाही.)

तुम्ही विचाराल, मग हे इतकी वर्षं कुणी का केलं नाही? क्षयरोगाचं बघा. २०१२ पासून देशात 'निक्षय' नावाची संगणकीय नोंद आहे. तळेघरच्या आरोग्य केंद्रात ज्याचा टीबी सापडला, तो मजुरीला दुसऱ्या जिल्ह्यात गेला तरी त्याचा क्रमांक त्याच्याबरोबर जातो आणि तिथं त्याच्या गोळ्या पुढे सुरू होऊ शकतात. टीबीचा मालक एकच, आरोग्य खातं. दारूला किती मालक? पुनर्वसन केंद्रांच्या अनुदानाची योजना सामाजिक न्यायाची. फिट आली की रुग्णालय आरोग्याचं. आदिवासींच्या योजना घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयातून. हातभट्टीवर धाड घालणार पोलीस आणि राज्य उत्पादन शुल्क, आणि परवान्याच्या दारूचा महसूल सरकारात भरणारंही उत्पादन शुल्कच. मधल्या जागेत आमच्यासारख्या संस्था, प्रत्येकीची वही वेगळी, रकाने वेगळे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि २०१६ पासून 'मुक्तिपथ' हे अभियान सगळ्या जिल्ह्यात एका छत्राखाली चालतं. तसं एक छत्र असलं की एक वही ठेवणं सोपं. आमच्याकडे छत्र्या पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाला आपली छत्री प्यारी.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल की प्रश्न मशीनचाच आहे, वर्गणी काढू, चार लॅपटॉप घेऊ, काम झालं. मलाही तसंच वाटत होतं. पण मी केलेली एक चूक आज इथं कबूल करायची आहे.

काही वर्षांपूर्वी जुन्नर तालुक्यातला एक तरुण आमच्याकडे होता. हुशार, आश्रमशाळेत शिकून पुढे आयटीआय केलेला. चार महिने झाले होते त्याला सोडून. एका प्रार्थना सभेत विनंत्या सांगायची वेळ आली आणि मी मोठ्या मनानं त्याच्या नावानं विनंती सांगितली. नाव, गाव, 'दारूतून बाहेर येतो आहे, त्याच्यासाठी प्रार्थना करा'. सगळ्यांनी मनापासून प्रार्थना केली, त्याबद्दल शंका नाही. त्यातल्या एकीची नणंद ओतूरला, नणंदेच्या शेजारी दुसरं कुणी. आठ दिवसांत ते नाव तो ज्या घरी मुलगी बघून आला होता त्या घरी पोचलं. सोयरीक मोडली. तो मला एवढंच म्हणाला, "ताई, मी पीत होतो तवा कुणाला ठाव नव्हतं. सोडली आन् समद्यांना कळलं." त्यानंतर तो आमच्याकडे आला नाही. कुठं गेला, सध्या कसा आहे, माझ्या वहीत पुढचं पान कोरं आहे.

त्या सभेत कॉम्प्युटर नव्हता, मोबाइल नव्हता. माहिती वाटून घेण्याची आपली जी सर्वांत जुनी आणि प्रेमळ पद्धत आहे, तिनंच हे केलं. आता हीच माहिती यंत्रात घातली आणि यंत्राला कुलूप नसलं तर काय होईल, हा विचार मनात आला आणि मी वर्गणीची यादी गुंडाळून ठेवली.

म्हणजे एका माणसाबद्दल पुरेसं सांगितलं नाही म्हणून तो गेला, आणि दुसऱ्याबद्दल नको तिथं सांगितलं म्हणून तो दुरावला. आमचं सगळं नियोजन या दोघांना समोर बसवून चाललं आहे.

गेल्या पावसाळ्यात तिन्ही संस्थांची माणसं घोडेगावला एकत्र बसू लागलो. पुण्यातला एक तरुण इंजिनियर, आपल्याच मंडळीतला, मोफत मदत करतो. त्यानं पहिला फॉर्म करून आणला तो चाळीसच्या वर प्रश्नांचा. धर्म, जात, उत्पन्न, आधार क्रमांक, घरात किती माणसं, पहिला घोट कितव्या वर्षी. आम्हाला फार आवडला तो फॉर्म. अहवालाला किती छान! मग कुणीतरी सुचवलं की ज्यांची दारू सुटून काही वर्षं झाली आहेत अशा पाच-सहा भावांना आणि त्यांच्या बायकांना बोलवू. त्यांनी एकेक प्रश्न वाचून घेतला आणि पेन्सिलीनं फुल्या मारायला सुरुवात केली. आधार नको. का? तर यादीत नाव लागलं की घरकुल थांबेल, रेशन थांबेल, पोराला वसतिगृह मिळणार नाही. मी म्हटलं, असं होत नाही. एक मामा म्हणाले, "होत नसंल. पर आमाला तसं वाटतं ना? मग आमी खरं सांगनार न्हाई." या एका वाक्यानं तो रकाना गेला.

शेवटी उरल्या सहा गोष्टी. आधी दारू तोडताना फिट किंवा भ्रम झाला होता का. सध्या कोणतं औषध चालू आहे, त्यात ती गोळी आहे का. टीबी, कावीळ, साखर असं दुसरं काही दुखणं. शेवटचा उपचार कधी आणि किती दिवस. अडचण आली तर कुणाला फोन करायचा. आणि कुणाला अजिबात करायचा नाही. हा सहावा प्रश्न आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. तो एका बाईनं घालायला लावला.

नावाचं काय करायचं यावर दोन बैठका गेल्या. आमच्याकडे एका गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे दोघे सर्रास असतात, कधी बापाचंही नाव तेच. शिवाय एक वही 'धोंडू' लिहिते, दुसरी 'धोंडिबा', तिसरी 'धोंडिभाऊ'. यंत्राला हे तिघे झाले. तोडगा एका आजीनं दिला. म्हणाली, "आईचं नाव इचारा आन् आजोळ इचारा. गडी कितीबी पिलेला असू दे, आजोळ इसरत न्हाई." आता तसंच ठरलं आहे. स्वतःचं नाव, आईचं नाव, आजोळचं गाव, तिन्ही ठरलेल्या यादीतून निवडायची, म्हणजे लिहिण्यातला फरक राहत नाही. यंत्र त्यांचा एक क्रमांक बनवतं आणि सामाईक नोंदीत फक्त तो क्रमांक ठेवतं. गावातला माहितगार माणूस तरीही अंदाज बांधू शकेल, असं इंजिनियर भाऊ प्रामाणिकपणे सांगतो. म्हणून नोंद उघडायला कार्यकर्त्याचा स्वतःचा पासवर्ड, आणि कुणी कधी उघडली याची तारीखवार नोंद, जी तो माणूस मागेल तेव्हा त्याला दाखवायची.

त्याच्या हातात एक कार्ड असेल. कार्डावर संस्थेचं नाव नाही, दारू हा शब्द नाही. खिशातून पडलं तर दवाखान्याचा केसपेपर नंबर वाटावा एवढंच. तो कार्ड देईल आणि हो म्हणेल तरच दुसरी संस्था त्याची नोंद उघडेल. बेशुद्ध आला तर? तर डॉक्टरला फिट आणि औषध एवढे दोनच रकाने उघडतील, आणि शुद्धीवर आल्यावर ते उघडले होते हे त्याला सांगायचं. त्यानं नोंद पुसा म्हटलं तर पुसायची का, यावर आम्ही भांडलो. डॉक्टर म्हणतात पुसू नका, भाऊ म्हणतात आमची आहे, पुसा. अजून मिटलेलं नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थांनाही लागू आहे. त्यात माहिती गुप्त राहण्याचा हक्क आहे, संगणकात साठवलेल्या माहितीसुद्धा, आणि संमतीशिवाय फोटो किंवा माहिती प्रसारमाध्यमांना द्यायची मनाई आहे. आपलं वार्तापत्र लहान असेल, पण त्यातही फोटो छापले जातात. शिवाय त्या कायद्यानं माणसाला आपली नोंद बघण्याचा हक्कही दिला आहे. हा हक्क चांगलाच आहे, पण त्यातून एक पेच उभा राहिला. मार खाल्लेली बायको माझ्याजवळ येऊन जे बोलते, ते मी नवऱ्याच्या नोंदीत लिहिलं आणि उद्या त्यानं नोंद मागितली तर? संध्याकाळी त्या घरात काय होईल? म्हणून बायकोचं बोलणं त्याच्या नोंदीत जाणारच नाही. ते वेगळ्या वहीत, कागदावर, कपाटात. तिची किल्ली माझ्याकडे असते आणि मी रजेवर असले तर कुणाकडेच नसते. तंत्रज्ञानाच्या नियोजनात आम्ही घेतलेला सर्वांत पक्का निर्णय एका कागदी वहीचा आहे, याचं इंजिनियर भावाला हसू येतं.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मंडळींनाही विचारलं. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या चळवळीत हजेरीपट ठेवतच नाहीत, अनामिकता हा तिचा पाया आहे. ते प्रेमानं म्हणाले, आम्ही तुमच्या यंत्रात येणार नाही, पण तुमचा माणूस आमच्या सभेत जरूर पाठवा. योग्यच आहे त्यांचं. काही जागा अशा असायलाच हव्यात की जिथं माणूस गेला याची कुठंच नोंद होत नाही. आणि घसरलेल्याला पुन्हा आत घेण्याचं वळण आमच्यापैकी पुष्कळांना लागलं ते पुण्याच्या 'मुक्तांगण'कडे बघून. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली येरवड्याला ते सुरू केलं. घसरण म्हणजे नापास नव्हे, हे आम्ही तिथून शिकलो. आमच्या वहीत मात्र तिच्यासाठी रकानाच नव्हता.

आता नेटवर्क. जुन्नर तालुक्यात खोडदला जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. विश्वाच्या पार टोकाकडून येणारा क्षीण संदेश तिला ऐकू येतो. आणि त्याच तालुक्याच्या पश्चिमेला, घाटमाथ्यावरच्या वाडीत उभं राहून मला घोडेगावचा फोन लागत नाही. त्यामुळे नोंद मोबाइलमध्ये आधी जागच्या जागी साठेल आणि खाली उतरल्यावर सामाईक ठिकाणी जाईल, अशी सोय केली आहे. पण मधल्या एक-दोन दिवसांचं काय? ज्यांना ३० जुलै २०१४ आठवतो त्यांना आठवेल, माळीण दरडीखाली गेलं, १५१ माणसं गेली, आणि बाहेर खबर दिली ती सकाळच्या एस.टी.च्या चालकानं. आमच्या भागात बातमी अजून माणसाच्या पायानं जाते. म्हणून नियोजनात आशाताई आहेत, मुक्कामी एस.टी.ला चिठ्ठी देणं आहे, आणि चिठ्ठीवर फक्त क्रमांक आणि 'शुक्रवारी भेट' एवढंच.

संदेश पाठवतानाही तेच. एका घरात एक मोबाइल, तो बहुतेक वेळा पोराच्या हातात. 'आपली व्यसनमुक्तीची तपासणी उद्या आहे' असा मेसेज गेला की तो मोठ्यानं वाचून दाखवला जातो, ओटीवर बसलेल्या पाहुण्यांसमोर. आम्ही एकदा पाठवून बघितलं, पुन्हा नाही पाठवला.

आता तुमच्याकडे काय मागायचं ते. लॅपटॉप देऊ का, असं बऱ्याच जणांनी विचारलं आहे, मनापासून आभार. जुने दोन आहेत, चालतात. आम्हाला एका माणसाचा पगार हवा आहे. तिन्ही ठिकाणच्या नोंदी दर आठवड्याला जुळवणारी, चुका शोधणारी, आणि ज्याच्या कार्डावर सहा आठवडे काही हालचाल नाही त्याच्या घरी जाऊन बसणारी एक व्यक्ती. आणि तो पगार तीन वर्षं तरी चालावा. यंत्राला पैसे मिळतात, यंत्र सांभाळणाऱ्याला मिळत नाहीत, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे.

दुसरं थोडं अवघड आहे. पुढच्या वर्षीच्या अहवालात आपला आकडा कमी होणार आहे. किती ते आत्ता सांगता येत नाही, पण कमी होणार हे नक्की, कारण आता एक माणूस एकदाच मोजला जाईल. आणि 'घसरले, परत आले' असा एक नवीन रकाना दिसेल, तो बराच भरलेला असेल. कृपा करून तो बघून आपलं दान आखडतं घेऊ नका. मला तर त्या रकान्यातली माणसं आनंदाची वाटतात. पूर्वी ती लाजेनं दुसरीकडे जात होती.

आणि फोटो मागू नका. साक्ष छापायला नाव मागू नका. प्रार्थना मात्र करा. घोडेगावच्या बाजूच्या आपल्या एका मंडळीनं रीत बदलली आहे. तिथं विनंती अशी येते की 'एका भावासाठी'. एवढंच. सुरुवातीला लोकांना चुकचुकल्यासारखं झालं, कोण, कुठला, असं एकमेकांना विचारायचे. आता नाही विचारत.

हिरड्याचा हंगाम संपला की सुरुवात करणार आहोत, कारण हंगामात कुणी घरी सापडत नाही आणि हंगामानंतरच जास्त जण येतात. नमुना म्हणून पहिलं कार्ड आम्ही गेल्या महिन्यात भरलं. तो भाऊ पाच वर्षं दारूपासून दूर आहे, त्याला खरं तर गरज नव्हती, पण म्हणाला, पहिला माझाच नंबर टाका. फिटचं सांगितलं, औषधाचं सांगितलं, बायकोचा फोन दिला. सहाव्या प्रश्नाला बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ताई, हितं माझ्या भावाचं नाव घाला. त्याला कदी फोन करू नका." का ते मी विचारलं नाही. रकान्यात नाव घातलं आणि त्याला वाचून दाखवलं.

कोऱ्या कार्डांचे नमुने मागच्या टेबलावर ठेवले आहेत. चहा घेताना बघा, आणि एखादा प्रश्न जास्तीचा वाटला तर त्याच्यावर पेन्सिलीनं फुली मारून परत ठेवा. पेन्सिली तिथंच आहेत.